लायन्सनी बाराव्या पिकवर रनिंग बॅक का घेतला? (ड्राफ्ट २०२३)

हनोलुलूनिळा | २८ एप्रिल २०२३, सकाळी ७:४०

काल रात्री कॅन्सस सिटीत एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) ड्राफ्टची, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या निवडीची, पहिली फेरी झाली. मिशिगनमधल्या निम्म्या मराठी घरांत उशिरापर्यंत दिवे चालू असणार, म्हणून इथेच विचारतो.

सहावा पिक (निवडीचा क्रमांक) आपल्याकडे, डेट्रॉइट लायन्सकडे होता. २०२१ मध्ये आपला क्वार्टरबॅक (पास टाकणारा) स्टॅफर्ड रॅम्सना दिला, त्या सौद्यातला हा शेवटचा पहिल्या फेरीचा पिक. रॅम्स गेल्या हंगामात ५-१२ (पाच विजय, बारा पराभव) असे कोसळले म्हणून तो इतका वर आला. सहावा आणि ८१वा ॲरिझोनाला देऊन आपण १२वा, ३४वा आणि १६८वा घेतला. इथपर्यंत मी खूश होतो. मग बाराव्याला नाव पुकारलं: जाहमिर गिब्स, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), अलाबामा.

गेल्या हंगामात प्रतिस्पर्ध्याला यार्ड देण्यात आपला बचाव लीगमध्ये शेवटचा होता. आपला कॉर्नर (समोरच्या रिसीव्हरला पास झेलू न देणारा बचावपटू) ओकुडा याच महिन्यात अटलांटाला देऊन टाकला. ख्रिस्टियन गॉन्झालेझसारखा कॉर्नर बाराव्याला समोर होता, तो पुढे १७व्याला पॅट्रियट्सनी उचलला. आणि आपण घेतला रनिंग बॅक, तोही मार्चमध्ये शिकागोच्या रनिंग बॅक डेव्हिड माँटगोमेरीशी तीन वर्षांचा, १ कोटी ८० लाख डॉलरचा करार केल्यावर! आपला आधीचा रनिंग बॅक स्विफ्ट अजून संघात आहेच.

गिब्सशी माझं काही वाकडं नाही, पोरगा वेगवान आहे. माझा आक्षेप तो खेळतो त्या जागेला आहे. फेब्रुवारीत चीफ्स सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकले तेव्हा त्यांचा मुख्य रनिंग बॅक पाचेको होता, सातव्या फेरीतला, २५१वा पिक. जी जागा सातव्या फेरीत भरता येते तिच्यावर पहिल्या फेरीतला बारावा पिक का घालायचा? त्यावर कडी म्हणजे १८व्याला लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) जॅक कॅम्पबेल.

तुमची मतं सांगा. आपल्या जनरल मॅनेजरवर, ब्रॅड होम्सवर, माझा विश्वास आहे, म्हणूनच हे समजून घ्यायचं आहे.

कॅन्टनकर | २८ एप्रिल, ८:०५

शंभर टक्के अनुमोदन. नाव ऐकून मी टीव्ही बंद केला आणि झोपलो. १८वा कोण घेतला ते आत्ता तुझ्या पोस्टमध्ये वाचतोय.

शिकागोचा_सच्या | २८ एप्रिल, ८:१२

माँटी (माँटगोमेरी) आमच्याकडून नेलात तेव्हाच वाईट वाटलं होतं. आता त्याला बाकावर बसवणार असाल तर परत द्या, आम्ही न्यायला गाडी घेऊन येतो.

ट्रॉयची_मृणाल | २८ एप्रिल, ९:३०

असहमत, आणि सविस्तर असहमत.

गिब्सला नुसता 'रनिंग बॅक' म्हणून मोजलं की सगळा हिशोब चुकतो. अलाबामाच्या गेल्या हंगामात सगळ्यांत जास्त झेल त्याचे आहेत, ४४. म्हणजे त्यांच्या रिसीव्हर्सपेक्षा (पास झेलणाऱ्यांपेक्षा) जास्त. ४० यार्ड ४.३६ सेकंदांत. त्याला चेंडू हातात देता येतो, बाजूला उभा करून पास टाकता येतो, लाइनबॅकरसमोर एकटा सोडता येतो. आपला आक्रमणाचा कोच बेन जॉन्सन गेल्या वर्षी ज्या प्रकारे आक्रमण चालवत होता त्यात असा माणूस नव्हता. स्विफ्ट तसा होता, पण तीनही वर्षांत एकदाही तो पूर्ण हंगाम उभा राहिला नाही.

दुसरी गोष्ट, गेल्याच आठवड्यात आपला वेगवान रिसीव्हर जेमसन विल्यम्सला सट्टेबाजीच्या नियमांखाली सहा सामन्यांची बंदी बसली. सुरुवातीच्या सामन्यांत मैदानावर वेग कोण आणणार होतं?

आणि माँटगोमेरी राहणारच आहे. गेल्या हंगामातही दोघंच होते, जमाल विल्यम्स धक्के मारायला आणि स्विफ्ट पळायला. तीच जोडी नव्या माणसांनी बांधली आहे.

हनोलुलूनिळा | २८ एप्रिल, १०:१५

मृणाल, मुद्दा पटण्यासारखा आहे, पण पैशांची बाजू बघ. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा पगार त्याच्या जागेवर ठरत नाही, तो कितव्या क्रमांकावर निवडला त्यावर ठरतो. बाराव्याला चार वर्षांचे साधारण १ कोटी ७८ लाख डॉलर. तेवढ्याच पैशांत कॉर्नर घेतला असता. बाजारात चांगला कॉर्नर वर्षाला २ कोटी मागतो. रनिंग बॅकला यंदाचा फ्रँचायझी टॅग (करार संपलेला खेळाडू वर्षभर राखण्याचा ठरलेला पगार) सुमारे १ कोटी डॉलर आहे. म्हणजे कॉर्नर चांगला निघाला तर दरवर्षी वाचणारी रक्कम कितीतरी मोठी. त्या पैशांतून आणखी दोन माणसं येतात.

स्वरदा_पुणे | २८ एप्रिल, १०:४०

मी पुण्याहून वाचतेय, भाऊ डेट्रॉइटला असतो म्हणून या संघाची बातमी कानावर असते. ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलचा लिलावच ना? मग जास्त बोली लावून हवा तो घ्यायचा.

ट्रॉयची_मृणाल | २८ एप्रिल, १०:५५

नाही गं, बोली अजिबात नसते. ३२ संघ, सात फेऱ्या. गेल्या हंगामात जो सगळ्यांत वाईट खेळला तो आधी निवडतो, सुपर बोल जिंकलेला शेवटी. कॉलेजातून येणाऱ्या मुलाला 'मला अमुक संघात जायचंय' म्हणता येत नाही. क्रमांकांची मात्र संघांना आपापसांत देवाणघेवाण करता येते, पुढच्या वर्षांच्यासुद्धा. म्हणून दर निवडीमागे दोन प्रश्न असतात: माणूस चांगला आहे का, आणि हा क्रमांक त्याच्यावर घालणं योग्य आहे का. इथे वाद दुसऱ्या प्रश्नावर चाललाय.

स्वरदा_पुणे | २८ एप्रिल, ११:०२

आता कळलं. वाचतेय, चालू द्या.

डॅलसची_वहिनी | २८ एप्रिल, ११:३०

काउबॉइजच्या घरातून अनुभवाचे दोन शब्द. २०१६ मध्ये आम्ही चौथ्या क्रमांकावर रनिंग बॅक झीक इलियट घेतला. पहिल्याच वर्षी धावून १,६३१ यार्ड, लीगमध्ये पहिला. तेव्हा त्या पिकला कोणी नावं ठेवली नाहीत, कारण आमची लाइन (धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणारे पुढचे पाच जण) तेव्हा लीगमधली सर्वोत्तम होती. चुकलं ते २०१९ मध्ये, सहा वर्षं ९ कोटी डॉलरच्या नव्या करारात. गेल्या महिन्यात त्याला सोडून दिलं.

माझं मत, रनिंग बॅक पहिल्या फेरीत घ्यायला हरकत नाही. पहिला करार पूर्ण वापरा आणि दुसऱ्याच्या वेळी मन घट्ट करा.

कॅन्टनकर | २८ एप्रिल, ११:४५

वहिनी, मन घट्ट कसं करणार? रॅम्सच्या रनिंग बॅकचं, गर्लीचंच बघा. २०१५ मध्ये दहावा पिक, २०१७ मध्ये वर्षातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू, २०१८ मध्ये मोठा करार, आणि २०२० मध्ये पंचविशीतच रॅम्सनी सोडला. जो लाडका होतो त्यालाच पैसे द्यावेसे वाटतात.

आप्पा_पाँटियाक | २८ एप्रिल, दुपारी १:२०

मंडळी, मी इथे आलो तेव्हा सामने पाँटियाकच्या सिल्व्हरडोममध्ये होत. हवेच्या दाबावर तरंगणारं कापडी छप्पर असलेलं ते स्टेडियम. आपल्या जुन्या रनिंग बॅकला, बॅरी सँडर्सला, मी तिथे बघितलंय, म्हणून लिहितो.

१९८९ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर बॅरी आला. दहा हंगाम खेळला, एकाही हंगामात हजार यार्डांच्या खाली गेला नाही. १९९७ मध्ये २,०५३ यार्ड. त्या वर्षीचा थँक्सगिव्हिंगचा सामना अजून डोळ्यांसमोर आहे, शिकागोविरुद्ध १६७ यार्ड आणि तीन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं), ५५-२० ने जिंकलो. (सच्या, तू तेव्हा बालवाडीत असशील.) चेंडू हातात आला की अख्खं स्टेडियम उभं राहायचं, आणि तो मागे, बाजूला, पुन्हा मागे जाऊन अशा फटीतून निघायचा की शेजारचा अनोळखी माणूस आपल्याला मिठी मारायचा.

आणि हातात काय लागलं? त्या दहा वर्षांत प्लेऑफमधला एकच विजय, जानेवारी १९९२ मध्ये डॅलसविरुद्ध. १९९९ च्या जुलैत त्याने गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. १५,२६९ यार्डांवर थांबला. वॉल्टर पेटनचा सर्वाधिक यार्डांचा विक्रम त्याला एका हंगामात गाठता आला असता. हरण्याला कंटाळून माणूस निघून गेला.

म्हणजे मी निळ्याच्या बाजूने बोलतोय असं वाटेल. तसं नाही. बॅरीसमोर लाइन नव्हती असं नाही, चांगले खेळाडू होते, पण संघ कधी पूर्ण झाला नाही. क्वार्टरबॅक धड नव्हता, बचाव एक वर्ष असायचा, दोन वर्षं नसायचा. आज बघा. डेकर २०१६ चा १६वा पिक, रॅग्नो २०१८ चा २०वा, सुएल २०२१ चा ७वा. पाच जणांच्या लाइनमध्ये तिघे पहिल्या फेरीतले. आपला क्वार्टरबॅक गॉफ गेल्या वर्षी शहाण्यासारखा खेळला. १-६ वरून ९-८ वर आलो आणि शेवटी पॅकर्सच्या मैदानावर, लॅम्बोवर जाऊन त्यांना घरी बसवलं. अशा लाइनमागे वेगवान पोरगा ठेवणं आणि लाइन नसताना ठेवणं यात फार फरक आहे. मला गिब्स आवडला.

शिकागोचा_सच्या | २८ एप्रिल, १:३५

आप्पा, बालवाडीत होतो, पण वडील तो सामना बघून जेवले नव्हते हे आठवतं.

फॅन्टसीवाला_निखिल | २८ एप्रिल, १:५०

आप्पांची पोस्ट जपून ठेवण्यासारखी. माझा साधा प्रश्न: फॅन्टसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर आपला कागदी संघ चालवायचा खेळ) गिब्स कितव्या फेरीत घ्यावा? माँटगोमेरी गोल रेषेजवळचे सगळे टचडाउन खाणार का?

ट्रॉयची_मृणाल | २८ एप्रिल, २:००

खाणार. जमालने गेल्या वर्षी तेच केलं. १७ टचडाउन करून त्याने बॅरीचा १६ चा क्लबविक्रम मोडला, त्यातले बरेच अगदी रेषेजवळून.

मिरजेचे_सर | २८ एप्रिल, ३:१५

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. ॲन आर्बरला मुलाकडे आलो आहे. काल तो ओरडला म्हणून मीही बसून बघितलं आणि आज सकाळी त्याने मला या गिब्सचे जुने सामने दाखवले. नियम निम्मे कळले नाहीत, पण पोराचे पाय कळले. चांगला चढाईपटू कोपऱ्यातल्या गड्याला खांद्याने एक बाजू दाखवतो आणि पायाने दुसरीकडे निघतो, तेच हा करतो. मुख्य म्हणजे तो दिशा बदलताना वेग कमी करत नाही. हे शिकवून येत नाही, मी आयुष्यभर शिकवायचा प्रयत्न केला आहे. कितव्या क्रमांकावर घ्यायचा ते तुम्ही ठरवा.

ट्रॉयची_मृणाल | २८ एप्रिल, ३:२५

सर, हे वाक्य मी आमच्या ऑफिसातल्या सगळ्या लायन्सवाल्यांना भाषांतर करून ऐकवणार आहे.

हनोलुलूनिळा | २८ एप्रिल, रात्री १०:३०

दुसरी फेरी संपत आली. ३४व्याला आयोवाचा टाइट एंड (लाइनजवळून निघून पासही झेलणारा) सॅम लपोर्टा, ४५व्याला अलाबामाचा सेफ्टी (बचावाच्या मागच्या फळीतला) ब्रायन ब्रँच. ब्रँच पहिल्या फेरीत जाईल असं सगळे धरून होते, तो इथवर उरला. या दोन्ही पिकवर माझी काही तक्रार नाही.

पण यामुळे माझा मुद्दा जातो असं नाही. चांगला टाइट एंड ३४व्याला मिळतो, चांगला सेफ्टी ४५व्याला मिळतो, तसा चांगला रनिंग बॅकही मिळाला असता.

कॅन्टनकर | २८ एप्रिल, १०:४२

पण हा ३४वा कुठून आला ते बघ. सहाव्यावरून खाली सरकल्यामुळे. होम्सला खाली सरकूनही त्याला हवा तो माणूस मिळाला आणि वर लपोर्टा पदरात पडला. सकाळी मी रागात होतो, आता अख्खी गोळाबेरीज बघतोय.

डॅलसची_वहिनी | २९ एप्रिल, दुपारी ४:१०

बातमी बघितलीत का? स्विफ्ट ईगल्सकडे गेला. बदल्यात २०२५ मधला चौथ्या फेरीचा पिक आणि सातव्या फेरीतली अदलाबदल.

हनोलुलूनिळा | २९ एप्रिल, ४:३०

हे बघा! २०२० मध्ये दुसऱ्या फेरीत ३५व्या क्रमांकावर घेतलेला रनिंग बॅक तीन वर्षांत चौथ्या फेरीच्या किमतीला गेला, तीही दोन वर्षांनी मिळणार. या जागेची बाजारातली किंमत हीच आहे. मी वेगळं काय म्हणत होतो?

आप्पा_पाँटियाक | २९ एप्रिल, ५:००

बाजारातली किंमत आणि मैदानावरचा उपयोग यांची गल्लत करू नकोस रे. स्विफ्ट फिलाडेल्फियाच्या लाइनमागे काय करतो ते बघ.

---

हनोलुलूनिळा | ९ ऑक्टोबर २०२३

धागा वर काढतोय. हंगाम झकास चालू आहे. सलामीला चीफ्सच्या मैदानावर, ॲरोहेडवर जाऊन त्यांना २१-२० ने हरवलं. ब्रँचने त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्सचा पास पकडून थेट टचडाउन केला. लपोर्टा गॉफचा हक्काचा माणूस झालाय. लॅम्बोवर माँटगोमेरीने तीन टचडाउन केले.

आणि बारावा पिक? सलामीला सात वेळा चेंडू हातात दिला. काल तो मांडीच्या स्नायूमुळे बसून होता. संघ त्याच्याशिवाय मजेत जिंकतोय. मग त्या जागी कॉर्नर असता तर?

ट्रॉयची_मृणाल | ९ ऑक्टोबर

गॉन्झालेझ सध्या कुठे आहे ते पण लिही. चार सामने खेळून खांद्याच्या दुखापतीने त्याचा हंगाम संपला. यात त्या मुलाचा काही दोष नाही, पण 'कॉर्नर असता तर' हे वाक्य इतकं सोपं नाही. नवख्या खेळाडूला पाच सामन्यांवर तोलू नकोस.

कॅन्टनकर | ९ ऑक्टोबर

माझी तक्रार कोचकडे आहे. तो मैदानात येतो तेव्हा समोरच्या बचावाची धावपळ दिसते. मग त्याला अर्धा वेळ बाहेर का ठेवता?

कॅन्टनकर | ३१ ऑक्टोबर २०२३

काल आपल्या स्टेडियमवर, फोर्ड फील्डवर होतो. रेडर्सविरुद्ध २६ वेळा चेंडू, १५२ यार्ड, एक टचडाउन. माँटगोमेरी जखमी, सगळा भार एकट्यावर. २७ यार्डांच्या त्या टचडाउनला लाइनने उजवीकडे दार उघडलं आणि पुढे कोणाचा हात त्याला लागला नाही. आप्पा, आमच्या रांगेत शेजारचा अनोळखी माणूस मला मिठी मारत होता.

आप्पा_पाँटियाक | ३१ ऑक्टोबर

घरी बसून मीही उभा राहिलो. गुडघ्यांनी तक्रार केली, तरी उभा राहिलो.

वेगासकर | ३१ ऑक्टोबर

मी रेडर्सवाला. रात्रभर या पोराचे बूटच बघितले. अभिनंदन.

कॅन्टनकर | १५ जानेवारी २०२४

जिंकलो!!! २४-२३!!! फोर्ड फील्ड २००२ मध्ये उघडलं, तिथला हा पहिला प्लेऑफ सामना. समोर स्टॅफर्ड आणि रॅम्स. १९९२ च्या जानेवारीनंतरचा पहिला प्लेऑफ विजय. घसा गेलाय, उद्या ऑफिसात खुणेने बोलणार.

आप्पा_पाँटियाक | १५ जानेवारी

बत्तीस वर्षं. पहिला टचडाउन माँटगोमेरीचा, दुसरा गिब्सचा, तिसरा लपोर्टाचा. यातला एकही माणूस सव्वा वर्षापूर्वी आपल्याकडे नव्हता. आज मला कुठल्याही पिकवर वाद घालायचा नाही.

स्वरदा_पुणे | १५ जानेवारी

भाऊ फोनवर रडत होता. पुण्यातही पेढे वाटले गेले, कारण विचारणाऱ्यांना समजावता समजावता दमले.

फॅन्टसीवाला_निखिल | २९ जानेवारी २०२४

काल सँता क्लारात, सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात, फोर्टीनाइनर्सविरुद्ध मध्यंतराला २४-७ ने पुढे होतो. गिब्सचा १५ यार्डांचा टचडाउन बघून मी सुपर बोलच्या विमानाचे दर शोधायला लागलो होतो. मग तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच्याच हातून चेंडू सुटला, त्यांच्या मॅकॅफ्रीने २४-२४ केलं आणि शेवटी ३४-३१ ने हरलो. मोठ्या सामन्यात बारावा पिक घसरला असं म्हणावं लागेल.

ट्रॉयची_मृणाल | २९ जानेवारी

निखिल, तो चेंडू सुटला हे खरं. पण सोपे झेल सुटले, चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) दोनदा फील्ड गोल (लाथेने तीन गुण) न मारता खेळून फसलो, आणि त्यांचा रिसीव्हर आयुकचा तो ५१ यार्डांचा झेल आपल्याच कॉर्नरच्या तोंडावर आपटून त्याच्या हातात गेला. सतरा गुणांची आघाडी एका माणसाने घालवलेली नाही. या पोराने पहिल्या हंगामात ९४५ यार्ड, धावून १० टचडाउन आणि ५२ झेल दिलेत. माँटगोमेरीचे १,०१५ यार्ड, १३ टचडाउन. दोघांनी मिळून किती सामने ओढले ते आठव.

हनोलुलूनिळा | २९ जानेवारी

गिब्सवर टीका मीही करणार नाही. एकविशीतल्या पोराच्या डोक्यावर हे ओझं ठेवू नका. पण 'आपल्याच कॉर्नरच्या तोंडावर आपटून' हे तू लिहिलंस, मृणाल. त्या जागी पहिल्या फेरीतला माणूस असता तर तो पास अडवला असता, असं मला आजही वाटतं.

ट्रॉयची_मृणाल | २९ जानेवारी

तो चेंडू पहिल्या फेरीतल्या तोंडावरूनही तसाच उडाला असता. पण आज भांडत नाही. चहा घे आणि झोप.

शिकागोचा_सच्या | २९ जानेवारी

आज मी काही चिडवणार नाही. तुमच्यासाठी खरंच वाईट वाटलं.

कॅन्टनकर | २८ एप्रिल २०२४

या वर्षीचा ड्राफ्ट आपल्याच डेट्रॉइटमध्ये झाला. तीन दिवसांत पावणेआठ लाख माणसं डाउनटाउनला. कॅम्पस मार्शियसला मुंगी शिरायला जागा नव्हती. आणि निळ्या, तुझी मागणी मान्य झाली. २४व्याला कॉर्नर टेरियन अर्नोल्ड, ६१व्याला आणखी एक कॉर्नर रेकस्ट्रॉ.

हनोलुलूनिळा | २८ एप्रिल २०२४

मुलीला खांद्यावर घेऊन होतो तिथे. अर्नोल्डचं नाव आलं तेव्हा इतका ओरडलो की तिने कान झाकले.

---

ट्रॉयची_मृणाल | ६ जानेवारी २०२५

काल रात्री वायकिंग्जविरुद्ध विभागाचं विजेतेपद आणि कॉन्फरन्समधला पहिला क्रमांक, दोन्ही पणाला. ३१-९. चारही टचडाउन गिब्सचे. माँटगोमेरी गुडघ्यामुळे बाहेर होता. हंगामात १,४१२ यार्ड, एकूण २० टचडाउन, लीगमध्ये सर्वाधिक. १५-२.

निळ्या, आता मूळ प्रश्नाचं उत्तर दे. आज २०२३ चा बारावा पिक तुझ्या हातात दिला तर कोणाला घेशील?

हनोलुलूनिळा | ६ जानेवारी

गिब्सला. पण तो कसा निघाला हे माहीत असताना निवडणं आणि त्या रात्री निवडणं या दोन गोष्टी आहेत. माझा प्रश्न त्या रात्रीचा होता. उद्या दुसऱ्या एखाद्या संघाने हाच दाखला देऊन बाराव्याला रनिंग बॅक घेतला तर मी पुन्हा विचारेन, तुमची लाइन दाखवा.

फॅन्टसीवाला_निखिल | ६ जानेवारी

मला माझ्या लीगमध्ये गिब्समुळे ट्रॉफी मिळाली. तुम्ही चालू द्या.

हनोलुलूनिळा | १९ जानेवारी २०२५

वॉशिंग्टन ४५, आपण ३१. घरच्या मैदानावर. गिब्सने दोन टचडाउन केले, त्याच्याकडून आणखी काय मागणार? बचावातला आपला मुख्य खेळाडू हचिन्सन ऑक्टोबरमध्ये डॅलसला पाय मोडून बसला, त्यानंतर बचावातला एकेक जण जायबंदी होत गेला. ३१ गुण करून प्लेऑफ हरतो तेव्हा बचावाची खोली हाच प्रश्न उरतो. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं आणि आजही त्यावर ठाम आहे.

आप्पा_पाँटियाक | १९ जानेवारी

इतके जण एका वर्षात पडले तर कुठल्याच पिकने भागत नाही. पण तुझं दुःख समजतं. बॅरीच्या काळात आम्हाला बचावही धड नव्हता आणि जानेवारीत सामनाही क्वचितच असायचा. या पोरांना पुढच्या वर्षी पुन्हा संधी आहे. बेन जॉन्सन मात्र जाईल असं वाटतंय.

शिकागोचा_सच्या | २१ जानेवारी

आप्पा, तो आमच्याकडेच आला! माँटीची भरपाई झाली.

वेगासकर | २५ एप्रिल २०२५

नमस्कार, पुन्हा मीच. काल ग्रीन बेच्या ड्राफ्टमध्ये आमच्या रेडर्सनी सहाव्या क्रमांकावर ॲश्टन जेंटी घेतला, बॉइझी स्टेटचा रनिंग बॅक. कॉलेजच्या शेवटच्या हंगामात २,६०१ यार्ड. आमच्या गटात मारामारी चालू आहे. एक बाजू म्हणते गिब्स बघा, आणि बार्कली बघा, गेल्या हंगामात ईगल्ससाठी २,००५ यार्ड आणि सुपर बोल. दुसरी बाजू हा धागा वाचायला पाठवते. तुम्ही दोन वर्षं भांडलात, म्हणून विचारतो: आम्ही बरोबर केलं का?

डॅलसची_वहिनी | २५ एप्रिल

बार्कलीचा दाखला नीट वाचा. जायंट्सनी त्याला २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतला. सहा वर्षं तो तिथे होता आणि संघ बहुतेक वेळ हरत होता. तोच माणूस, तेच पाय, फिलाडेल्फियाच्या लाइनमागे गेल्यावर दोन हजार यार्ड. स्विफ्टही तिथे गेल्यावर पहिल्याच वर्षी हजारापार गेला होता.

हनोलुलूनिळा | २५ एप्रिल

वहिनींच्या शब्दाशब्दाशी सहमत. वेगासकर, गेल्या हंगामात धावून यार्ड मिळवण्यात तुम्ही लीगमध्ये शेवटचे होता. ४-१३. जेंटी खूप चांगला आहे, मी त्याचे सामने बघितलेत. पण आम्ही गिब्स घेतला तेव्हा सुएल, रॅग्नो, डेकर आधीच उभे होते. तुम्ही उलट्या क्रमाने निघालात असं मला वाटतं.

ट्रॉयची_मृणाल | २५ एप्रिल

मी थोडी वेगळी. सहावा हा बाराव्यापेक्षा बराच महाग आहे, तिथे मीही कचरले असते. पण जेंटी झेलही घेतो, आणि धावणारा भरवशाचा माणूस नसलेल्या संघाने एखाद्यापासून सुरुवात करायलाच हवी. आज दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत काय करतात त्यावर माझं मत ठरेल.

आप्पा_पाँटियाक | २५ एप्रिल

तुमच्या लाइनमधला डावीकडचा कोल्टन मिलर चांगला आहे. बाकीचे चार कोण, ते सांगा. त्या चौघांची नावं तुम्हाला न बघता सांगता आली तर जेंटी बरोबर.

वेगासकर | २६ एप्रिल

आप्पा, काल दोनच नावं सांगता आली असती, मिलर आणि पॉवर्स-जॉन्सन. रात्री तिसऱ्या फेरीत सलग दोन लाइनमन घेतले, ९८वा केलेब रॉजर्स आणि ९९वा चार्ल्स ग्रँट.

आप्पा_पाँटियाक | २६ एप्रिल

मग योग्य दुकानात शिरलात. त्या दोघांना वर्षभर द्या आणि तोवर जेंटीला रोज तीस वेळा पळवू नका.